‘कुठून आणलंस?’ विचारणाऱ्या माझ्या भावांना

हे मी आक्काला विचारून लिहितोय. ती म्हणाली, ‘लिही. माजं नाव नगं, गावाचं टाक. गावात मी एकटी न्हाई.’

म्हणून गावाचं टाकतो. लोणी काळभोर. पुण्याहून सोलापूर रोडनं निघालात की हडपसर, मांजरी आणि मग लोणी. पेट्रोल-डिझेलचे डेपो, रस्त्याच्या कडेला टँकरच्या रांगा, मोठ्या कॉलेजांच्या काचेच्या इमारती आणि ह्या सगळ्याच्या पाठीमागं आपली वस्ती. वस्तीत विहार, विहाराच्या भिंतीवर बाबासाहेब, आणि भिंतीखाली दर 14 एप्रिलला घाम निथळेस्तोवर नाचणारे आपण. ह्या ‘आपण’बद्दलच आज लिहायचंय. बामणाला शिव्या द्यायला पुढचा अंक मोकळा आहे.

मी मुंबईला गोदीत हमाली करतो. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंत पोचलेला मीच एकटा. म्हणून गेल्या पावसाळ्यात सुट्टीवर गेलो तेव्हा आक्कानं तुरडाळीच्या डब्यात हात घातला, तळातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घड्या घालून घालून फाटायला आलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला. ‘वाच. तुला इंग्रजी येतं.’

च्यायला, मला इंग्रजी येतं म्हणजे खोक्यावरचं येतं. ‘फ्रॅजाइल’ येतं. ‘धिस साइड अप’ येतं. त्या कागदावर आक्काचं नाव होतं, वय होतं, खाली तीन अक्षरं होती, एचपीव्ही, आणि त्यापुढं पॉझिटिव्ह.

‘दाजींना दावलास का?’

‘दावला.’

‘काय म्हनले?’

‘म्हनले, कुठनं आनलंस?’

बस्स. आठ महिने झाले होते. आठ महिने आक्का स्वैपाकाच्या खोलीत एकटी झोपत होती. तिचा टॉवेल वेगळा. तिची साबणाची वडी वेगळी. आणि मोरीच्या कट्ट्यावर तिचा कप वेगळा. दांडी तुटलेला, उपडा घातलेला. मी त्या कपाकडं बघत राहिलो. आमच्या आज्याला गावच्या हाटेलात असाच एक कप होता. बाहेर वळचणीला ठेवलेला. चहा पिऊन आपणच धुवायचा आणि आपणच उपडा घालायचा. त्या कपावर आपण कविता लिहिल्या. त्या कपासाठी आपण डोकी फोडून घेतली. आणि त्याच आज्याच्या नातजावयाच्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोखाली, बायकोचा कप वेगळा!

दाजी वाईट माणूस असते तर मी हा लेख लिहिला नसता. दोन ठोसे देऊन मोकळा झालो असतो. दाजी टँकर चालवतात. केबिनमध्ये बाबासाहेब आहेत, बुद्ध आहेत. मोर्चात पुढं, वर्गणीत पुढं. पोरांना शाळेत घालायचं, दारूला शिवायचं नाही, हे त्यांनीच वस्तीला शिकवलं. असा माणूस कागद बघून विचारतो, कुठून आणलंस?

आणि खोटं कशाला सांगू? कागद वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला सवाल तोच आला. मी तोंडातून काढला नाही एवढंच. पण आक्कानं माझ्या डोळ्यात वाचला असणार. तिनं कागद परत घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला, पिशवी डाळीत पुरली.

मुंबईला परतल्यावर मी आमच्या चाळीतल्या एका सिस्टरला गाठलं. आपल्यातलीच आहे, मोठ्या दवाखान्यात काम करते. तिला म्हटलं, मला सगळं सांगा, लाजू नका, मीही लाजणार नाही. तिनं जे सांगितलं आणि नंतर मी पुस्तकांत जे वाचलं, ते तुमच्यापुढं टाकतो. नीट वाचा. कवितेसारखं चाळू नका.

पहिली गोष्ट. एचपीव्ही म्हणजे एचआयव्ही नव्हे. अक्षरं सारखी दिसतात म्हणून अर्धी वस्ती ‘तिला एड्स झाला’ म्हणते. हा वेगळा जंतू. त्याच्या दोनशेच्या आसपास जाती. त्यातल्या बऱ्याच काहीच करत नाहीत, काहींनी साध्या चामखिळी येतात, आणि डझनभर जाती अशा की त्या वर्षानुवर्षं अंगात ठाण मांडून बसल्या तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करू शकतात. 16 आणि 18 नंबरच्या दोन जाती सगळ्यात वाईट.

दुसरी गोष्ट. हा जंतू कातडीला कातडी लागून जातो, अंगसंगातून जातो. ज्यानं म्हणून आयुष्यात कधी अंगसंग केला, त्यातल्या बहुतेकांना तो कधी ना कधी लागतोच. बाईला, बाप्याला, एकाच नवऱ्याशी जन्म काढणाऱ्या बाईलासुद्धा. निरोधानं धोका कमी होतो, पुरता जात नाही. कपातून, टॉवेलातून, ताटातून शेज लागत नाही. म्हणजे तो उपडा कप शास्त्रातला नव्हे, मनूच्या पोथीतला आहे.

तिसरी गोष्ट. दहातल्या नऊ जणींचं शरीर दोनेक वर्षांत हा जंतू आपसूक हटवतं. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. जंतू टिकून राहिला तरी कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. ज्यांच्या अंगात एचआयव्ही आहे त्यांना लवकर. एवढ्या काळात डॉक्टरला तो पेशींतच पकडता येतो, थंड किंवा गरम सळईनं काही मिनिटांत जाळून टाकता येतो. पिशवी काढायची गरज नसते.

चौथी गोष्ट, आणि ह्या लेखाचं सगळं वजन हिच्यावर आहे. हा जंतू अंगात वर्षानुवर्षं गप बसून राहू शकतो. आज कागदावर आला म्हणजे काल लागला असं नाही. दहा वर्षांपूर्वी लागलेला असू शकतो. लग्नाच्या पहिल्या रात्री लागलेला असू शकतो. नवऱ्यानं लग्नाआधी कुठूनतरी आणलेला असू शकतो, आणि त्या नवऱ्यालाही कधी ठाऊक नसेल, कारण बाप्याच्या अंगावर तो बहुतेकदा काही खूण ठेवत नाही. कुणाकडून आला, कधी आला, हे जगातला कुठलाही डॉक्टर त्या कागदावरून सांगू शकत नाही.

आणि गंमत बघा. बाप्यासाठी ह्या जंतूची रोजच्या वापरातली तपासणीच नाही. तपासायचं फक्त तिला. पुरावा फक्त तिच्या अंगावर. मग गुन्हेगार कोण ठरणार?

गोदीत ह्याला आमचा एक शब्द आहे. फाटकी गोणी. जहाजातून गोणी निघते. कुठल्या देशात भरली, कुठल्या बंदरात हुकानं फाडली, कुणालाच माहीत नाही. सात खांद्यांवरून येते. आठव्या खांद्यावर असताना साखर सांडायला लागते आणि टॅली क्लार्क ओरडतो, ‘ए, तू फाडलीस!’ पगार त्याचाच कापला जातो. ज्याच्या खांद्यावर सापडली तो चोर. आमच्या आठव्या खांद्याला निदान युनियन तरी होती. आक्काच्या बाजूनं कोण आहे? तिच्या खांद्यावर सापडली. फाडणारे सात जण पारावर बसून तिच्या चारित्र्यावर बोलतायत.

आता हा कागद तिच्या हातात कसा पडला ते ऐका. वस्तीजवळ शिबिर झालं. आशाताई घरोघर सांगून गेली, तीस वर्षांवरच्या बायांनी या, फुकट आहे. आक्का रोजगार बुडवून गेली. पाय फाकवून झोपायला लावलं तेव्हा कुणी सांगितलं नाही काय करतायत. महिन्याभरानं कागद दिला. देणारा म्हणाला, ‘पॉझिटिव्ह आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा.’ आणि पुढचं नाव पुकारलं. दीड मिनिट. वरच्या चार गोष्टी सांगायला किती वेळ लागतो? मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचून बघितल्या. पाच मिनिटांच्या आत होतात. तेवढी मिनिटं तिला कुणी दिली नाहीत म्हणून तिचे आठ महिने गेले.

सरकारी कागदावर सगळं झकास आहे. 2016 पासून सूचना आहेत, 30 ते 65 वयाच्या बायांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर लावून तपासणी करा. प्रत्यक्षात काय? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 30 ते 49 वयाच्या ज्या बायांची आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झाली, त्या शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत. आणि 2022 ह्या एका वर्षात ह्या देशात सव्वा लाखावर बायांना हा कॅन्सर झाल्याचा आणि ऐंशी हजारांच्या आसपास मेल्याचा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. ज्या मेल्या त्यांना कागदसुद्धा मिळाला नाही. ज्यांना मिळाला त्यांना त्याचा अर्थ मिळाला नाही.

बरं, ही तपासणी काही साहेबांच्या देशात सिद्ध होऊन आपल्यावर उपकार म्हणून आलेली नाही. लोणी स्टेशनावरून जाणारी सोलापूरची गाडी कुर्डूवाडीला पोचते, आणि तिथून पुढं बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलनं आणि मुंबईच्या टाटानं परदेशी शास्त्रज्ञांबरोबर 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, एक मोठा प्रयोग सुरू केला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजार 746 खेड्यातल्या बाया. चार गट केले. एका गटाची एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची व्हिनेगरची, चौथ्याची कुठलीच तपासणी नाही, नुसती माहिती. आठ वर्षं मरणं मोजली. 2009 साली अमेरिकेतल्या मोठ्या मासिकात आकडे आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ह्या कॅन्सरनं 34 बाया मेल्या. ज्यांना तपासणी नव्हती त्या गटात 64. जवळपास निम्मा फरक. आज सगळ्या जगात ही तपासणी आधी करा म्हणतात, त्यामागचा एक मोठा पुरावा मराठवाड्यात खुरपणाऱ्या बायांनी आपल्या अंगानं दिलेला आहे. त्या 64 जणींना तपासणीशिवाय ठेवणं बरोबर होतं का, ह्यावर पुढं जगभर वाद झाला. व्हायलाच पाहिजे होता.

पण मला त्या आकड्यांत दुसराच एक आकडा टोचतो. ज्या बायांची एचपीव्ही तपासणी झाली त्यातल्या शंभरात सुमारे दहा पॉझिटिव्ह निघाल्या. दर दहांत एक. म्हणजे हजारो बाया. त्या संध्याकाळी घरी गेल्या. चूल पेटवली. नवऱ्याला काय सांगितलं? नवरा काय म्हणाला? किती जणींचा कप वेगळा झाला? त्या निबंधानं कॅन्सर मोजला, मरण मोजलं. रात्र मोजली नाही. मरण वाचवणाऱ्यांना मी शिव्या देत नाही, जयभीम करतो. पण वाचलेली बाई पुढं कशी जगते, ते मोजणं आपलं काम होतं. आपण केलं नाही.

1972 साली पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून घेतलं होतं. मग त्या पोरांच्या एका आईचं नाव पण घ्या. हेन्रिएटा लॅक्स. तंबाखूच्या शेतात राबलेली काळी बाई. 1951 साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात 31 व्या वर्षी ह्याच कॅन्सरनं मेली. तिच्या गाठीतल्या पेशी न विचारता काढून घेतल्या. त्या पेशी मेल्याच नाहीत, आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतायत. त्यांच्यावर औषधं तयार झाली, कंपन्या गबर झाल्या. पुढं त्याच पेशींत एचपीव्हीची 18 नंबरची जात सापडली. ज्या जर्मन शास्त्रज्ञानं हा जंतू आणि हा कॅन्सर ह्यांचं नातं सिद्ध केलं, त्या हाराल्ड त्सुर हाउझेनला 2008 साली नोबेल मिळालं. हेन्रिएटाच्या घरच्यांना एका कंपनीनं तडजोड दिली ती 2023 साली. बाईचं अंग सगळ्यांच्या कामाचं. बाई कुणाच्याच नाही.

आपल्याकडं तर बाईच्या भीतीचा धंदा होतो. बीडकडची ऊसतोड बाई बघा. अंगावरून पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेली की, ‘कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक.’ पाळी आली की कामाचा खाडा, खाड्याला मुकादमाचा दंड, म्हणून तीही म्हणते काढून टाक. 2019 साली सरकारी समितीनं 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांवर बायांच्या पिशव्या काढलेल्या सापडल्या. कित्येक चाळिशीच्या आतल्या. कॅन्सर हा शब्द नीट सांगितला तर बाई वाचते. भीती म्हणून फेकला तर कसाई जगतो. आक्काला वस्तीतल्या शहाण्यांनी हाच सल्ला दिला होता, ‘पिशवी काढून टाक, नवरा परत जवळ घेईल.’ काढली असती तर? कर्ज झालं असतं. आणि ‘कुठून आणलंस’ तरी मिटलं असतं का?

सिस्टर मला म्हणाली, ‘पॉझिटिव्ह बाई माझ्यासमोर बसली की तिचे तीन प्रश्न असतात. कॅन्सर हाय का? हा पहिला. नवऱ्याला व्हईल का? हा दुसरा. तिसरा ती बसून विचारत नाही. उठते, पिशवी उचलते, दारापर्यंत जाते, मग भिंतीकडं बघत विचारते, बाई, परत त्यांच्याजवळ जाता यील का?’

दोस्तांनो, हा तिसरा प्रश्न मला झोपू देत नाही.

आक्कानं मला एवढंच सांगितलं, ‘आंगूळ करताना सोताच्या अंगाकडं बघत न्हाई मी. किळस येती.’ पुढं ती गप झाली. बहीण भावाला ह्यापुढं काय सांगणार? मीही विचारलं नाही. पण जे ती बोलली नाही ते लिहायलाच पाहिजे. बाईला वाटतं. तिला अंगाशी अंग हवं असतं. हवं असणं हे बाप्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही. त्या कागदानंतर तिला वाटतं आपण घाण आहोत, विषारी आहोत, आपल्याला हात लावला तर दुसरा मरेल. कुणी स्वतःच दूर होते. कुणी नवऱ्याला नको असताना जवळ येऊ देते, नाही म्हटलं तर ‘बाहेर कोण हाय’ म्हणेल म्हणून. कुणी आधी कागद लपवते आणि मग तपासणीलाच जात नाही. जंतूनं न मेलेली बाई अशी लाजेनं मरते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर साधं आहे. हो, जाता येईल. जंतू निघाला म्हणून अंगसंग कायमचा बंद करायची काहीएक गरज नाही. नवराबायको वर्षानुवर्षं एकत्र असतील तर तो दोघांतही येऊन गेलेला असायचीच शक्यता. उपचार झाला तर काही आठवडे थांबायचं, ते डॉक्टर सांगतो. मग पुन्हा सगळं तसंच. सुखसुद्धा तसंच. आणि जिला खरंच कॅन्सर झाला, जिला शेक दिला, तिचा मार्ग आवळतो, कोरडा पडतो, दुखतं. त्यालाही उपाय आहेत, मलम आहे, मार्ग मोकळा ठेवायची साधनं आहेत. पण ‘जीव वाचला ना, आता ह्या वयात तुला तेच पाहिजे का?’ असं म्हटलं की बाईचं तोंड कायमचं बंद. जीव वाचला म्हणजे नुसता श्वास वाचला का? आपण तर माणूस म्हणून जगायची लढाई लढणारे! मग ही माणूस नव्हे का?

आता मी तुम्हाला लोणीच्या रस्त्यावरच परत आणतो. लोणीच्या आधी मांजरी, मांजरीच्या आधी हडपसर. 1897 सालच्या प्लेगात त्या हडपसरला यशवंताचा दवाखाना होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून प्लेग झालेलं पोर पाठीवर टाकलं आणि तिथं पोचवलं. जंतू अंगावर घेतला. 10 मार्चला त्यातच गेल्या. त्या माउलीनं विचारलं नाही, ‘कुठून आणलंस?’

आणि तो डॉक्टर यशवंत कोण होता? 1863 साली जोतिबा-सावित्रीनं पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवांनी यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा न्यावं. 1874 साली काशीबाई नावाची बामणाची विधवा तिथं बाळंत झाली. तिचं पोर ह्या दोघांनी आपलं केलं, त्याला डॉक्टर केलं. तोच यशवंत. त्या घराच्या उंबऱ्यावर एकच सवाल वर्ज्य होता, ‘कुणाचं?’ आपली सगळी चळवळ ह्या न विचारलेल्या सवालातून जन्मली. आणि आपण दीडशे वर्षांनी बायकोला विचारतो, कुठून आणलंस? हा सवाल आपला नाही रे भाऊ. हा पुण्याच्या त्या सोवळ्या वाड्यांतला सवाल आहे, जिथं बाप्या नामानिराळा आणि बाई विहिरीत.

आणखी एक. 1934 साली रघुनाथ धोंडो कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. गुन्हा काय, तर वाचकांनी अंगसंगाबद्दल, शरीराबद्दल प्रश्न पाठवले आणि कर्व्यांनी उत्तरं छापली. सगळा सभ्य महाराष्ट्र नाक मुरडत होता. त्या बामणाचं वकीलपत्र घेऊन कोर्टात कोण उभं राहिलं? आपले बाबासाहेब. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ हा की लोक अडचणीत असतात, शरीराबद्दल विचारतात, त्यांना खरं उत्तर देणं ही अश्लीलता नव्हे. केस हरली, कर्व्यांना दंड झाला. बाबासाहेब मागं सरले नाहीत. 1938 साली त्यांच्या पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला, तोही पडला.

बघा आता आपली अवस्था. जोतिबांच्या घरात जो प्रश्न वर्ज्य, तो आपण रोज विचारतो. आणि बाबासाहेब ज्या प्रश्नांसाठी कोर्टात उभे राहिले ते आपल्या घरातल्या बाईला दारात उभं राहून भिंतीकडं बघत विचारावे लागतात. उलटी खोपडी झाली आपली.

कवींनो, तुम्ही हसू नका. तुमचंही देणं आहे, माझंही आहे. मी माझ्या कवितांची वही काढून बघितली. त्यात बाईचं अंग पानोपानी आहे. शिवी म्हणून आहे, बॉम्ब म्हणून आहे, व्यवस्थेच्या तोंडावर फेकायला आहे. गर्भाशयाचं तोंड हा शब्द एकदा पण नाही. ज्या अंगाच्या नावानं मी क्रांतीच्या ओळी ओरडलो, त्या अंगाला खाज कशानं येते, रक्त का जातं, तिथं सुख कुठं असतं, मला माहीत नव्हतं. साला, मी विद्रोही कसला? मी नुसता तोंडाळ.

दाजींशी मी बोललो. दिवाळीच्या सुट्टीत, टँकर लागला होता तिथं, चाकाला टेकून. म्हटलं, ‘दाजी, तुम्ही दहा वर्षं लाइनवर असता. मी तुम्हाला कधी विचारलं, कुठं कुठं थांबता?’ ते लाल झाले. म्हणाले, ‘पाव्हणं, बाप्याचं येगळं असतं.’ मी म्हटलं, ‘पाटील बी हेच म्हनायचा, आमचं येगळं असतं.’ ते बराच वेळ गप होते. मग म्हणाले, ‘मला कुनी सांगितलंच न्हाई.’ हे मात्र खरं आहे. त्या माणसालाही कुणी पाच मिनिटं दिली नव्हती. त्याला वाटत होतं बायको मरणार, पोरं उघड्यावर पडणार, आणि त्या भीतीला तोंड द्यायला त्याला एकच हत्यार सापडलं, बापजाद्यांचं गंजलेलं, संशयाचं. भीती समजते मला. हत्यार माफ नाही.

आक्काची पुढची तपासणी झाली. व्हिनेगर लावून बघितलं, काही निघालं नाही. परत कधी यायचं ते सांगितलंय. जंतू निवळेलही. पण दाजींच्या मनातला ‘कुठून’ अजून निवळलेला नाही. ती अजून स्वैपाकाच्या खोलीत झोपते. आणि आता भांडण दुसरंच आहे. अकरा वर्षांच्या पोरीला लस द्यायची का नाही. शेजारच्या मांजरीला कारखाना असलेल्या सीरमनं ह्याच जंतूवरची सर्वाव्हॅक नावाची देशी लस काढली, 2022 साली तिला परवानगी मिळाली, 2023 साली बाजारात आली. जंतू अंगाला लागायच्या आधी, 9 ते 14 वयात दिली की सगळ्यात चांगली. आक्काला तिचा उपयोग नाही, लागलेला जंतू ती काढत नाही. पण पोरीला आहे. आणि दाजी म्हणतात, ‘एवढ्याश्या पोरीला असल्या रोगाची लस? लोक काय म्हनतील?’ म्हणजे ‘कुठून आणलंस’ हा सवाल आईच्या अंगावरून उतरून पोरीच्या अंगावर चढायच्या तयारीत आहे. तो इथंच तोडायचा.

म्हणून मागण्या. दवाखान्यांना आणि सरकारला आमच्या मागण्या ह्या:

1. कागद देताना बाईला पाच मिनिटं द्या. मराठीत, तिच्या बोलीत, दार लावून. चारही गोष्टी सांगा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिनं विचारायच्या आधी द्या.

2. नवऱ्याला बोलवायचं असेल तर तिला विचारून. आणि बोलावला तर त्यालाही हे सगळं सांगा. रोग तिचा एकटीचा म्हणून फाईल करू नका.

3. तपासणीच्या टेबलावर बाईला आधी सांगा काय करणार, आणि तिनं हो म्हटल्यावर करा. बाईचं अंग सरकारी गोडाऊन नाही.

4. कॅन्सरच्या नावानं भिववून पिशव्या काढणाऱ्यांची परवाने-पाट्या उतरवा.

आणि आपल्या मंडळांना, शाखांना, कवींना मागणी नाही, हुकूम आहे. विहारात रविवारी बायांची बैठक घ्या, सिस्टरला बोलवा, बाप्यांनी त्या दिवशी बाहेर चपला सांभाळा. दुसऱ्या रविवारी बाप्यांची बैठक घ्या आणि हेच ऐका, खाली मान घालून. पोरींना लस द्या. विडी-सिगारेट सोडा आणि सोडवा, ती ह्या जंतूला साथ देते. बाईनं कागद दाखवला तर पहिला शब्द असा काढा, ‘भ्याऊ नको, मी संगं येतो.’ दवाखान्यात संगं जा. रांगेत उभं राहा. गोदीतल्या फाटक्या गोणीचा दंड आम्ही संप करून माफ करवून घेतला होता. हा दंड पण आपणच लादलाय, आपणच माफ केला पाहिजे. नव्हे, माफी आपणच मागितली पाहिजे.

येत्या 14 एप्रिलला डीजेपुढं नाचायला यायच्या आधी आपापल्या घरात जाऊन मोरीचा कट्टा बघा. तिथं एखादा कप वेगळा, उपडा घातलेला दिसला तर तो उचला, त्यात चहा ओता, आणि पहिला घोट तुम्ही घ्या. तेवढी छाती नसेल तर निळा झेंडा हातात धरू नका. तो फार जड आहे. हमाल म्हणून सांगतो.

जयभीम.